ओरिजनल की डॅमेज

मागच्या जुलैत नागपूरच्या धरमपेठेतल्या एका पार्लरमध्ये मी केसांची टोके कापून घ्यायला गेले होते. सकाळपासून पावसाची झिमझिम सुरू होती आणि तिथवर पोहोचेपर्यंत हेल्मेटखालून सुटलेल्या बटांनी आपापल्या दिशा धरल्या होत्या. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने क्लचर काढला, दोन्ही हातांनी केस पाठीवर पसरले, एक बट चिमटीत धरून उजेडात खालीवर फिरवून पाहिली आणि आरशातून माझ्याकडे बघत अगदी निर्मळपणे विचारले, "मॅडम, हे ओरिजनल आहेत का डॅमेज झालेत?" तिच्या आवाजात हेटाळणी नव्हती. कापड सुती आहे की सिंथेटिक हे दुकानदार ज्या स्वरात विचारतो, तोच तो स्वर होता. मी "पावसामुळे झाले असतील" असे काहीतरी पुटपुटले आणि मान खाली घातली. टोके कापून झाली, पैसे देऊन मी बाहेर पडले. पण लक्ष्मीभुवन चौकातल्या सिग्नलला थांबले असताना लक्षात आले की अठ्ठेचाळीस वर्षे जे डोक्यावर वागवले त्याबद्दलच्या एका साध्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ठाऊक नव्हते.

माझे केस सरळ नाहीत आणि कुरळेही नाहीत. ते मुळापाशी सपाट निघतात, कानाच्या पातळीला आल्यावर त्यांना काहीतरी आठवते आणि तिथून खाली ते नागमोडी होत जातात. या अधल्यामधल्या प्रकाराला मराठीत घरगुती नाव नाही, हे मला त्या सिग्नलवर प्रथम जाणवले. सरळ केसांना आपण सळसळीत म्हणतो, रेशमासारखे म्हणतो. कुरळ्यांना कुरळे हा नेमका शब्द आहे आणि त्यात थोडे कौतुकही आहे. माझ्या वाट्याला लहानपणापासून जे शब्द आले ते विस्कटलेले, पिंजारलेले, भुरभुरीत, राठ आणि आजी रागावली की झिंज्या. हे सगळे शब्द अवस्थेचे आहेत, जातीचे नाहीत. विस्कटलेले म्हणजे आधी नीट होते आणि नंतर कुणीतरी विस्कटले. भाषेनेच एकदा असे ठरवून टाकल्यावर त्या बिचाऱ्या मुलीने तरी दुसरे काय विचारावे? वळणदार हा एक सुंदर शब्द आहे, पण तो आपण हस्ताक्षरासाठी राखून ठेवला. आणि मुलीला वळण लावायचे असते ते सगळे घर मिळून. केसांना उपजत वळण असले तर तेही घर मिळूनच काढायचे असते.

उपजत म्हणताना मी जरा अडखळते, कारण माझ्या पहिल्या दहा-बारा वर्षांच्या फोटोंमध्ये केस खरोखर सरळ आहेत. तेव्हा आम्ही शहराच्या जुन्या महाल भागात राहत होतो. रविवारी न्हाणीघरात शिकेकाई आणि रिठ्याचे काढलेले तपकिरी पाणी, डोळ्यांत गेलेला फेस, मग अंगणात उन्हाकडे पाठ करून बसणे आणि वाळलेल्या केसांना येणारा तो किंचित आंबट, मातकट वास, एवढे सगळे अजून जसेच्या तसे आठवते. मी सातवीत असताना आम्ही शहराच्या दक्षिणेकडच्या एका नव्या लेआउटमध्ये स्वतःच्या घरात राहायला गेलो. तिथे नळ यायचा होता, बोअरवेल होती, आणि वर्षभरात माझे केस बदलले. आजीने निकाल दिला, "पाणी नाही मानवलं वं पोरीला, केसं पाहा कसे होऊन राहिले." आईचा संशय मात्र शाम्पूच्या पाऊचवर होता, जे मी तिला न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायला लागले होते. दोघींपैकी कुणालाही, किंवा मलाही, हे सुचले नाही की याच वर्षी माझी उंची वाढली होती, आवाज थोडा बदलला होता, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या होत्या आणि केस हा त्याच शरीराचा भाग होता. वयात येताना संप्रेरकांच्या बदलांबरोबर केसांची जडणघडणही बदलू शकते. जावळ सरळ असलेल्या कित्येक मुलांच्या केसांना तेराव्या-चौदाव्या वर्षी लाट येते. केस ज्या इवल्या कूपातून उगवतो तो कूप त्वचेत सरळ उभा असेल तर केस सरळ येतो. कूपच बाकदार असेल आणि त्याच्या दोन बाजूंच्या पेशी सारख्या पद्धतीने वाढत नसतील तर केस त्वचेबाहेर येण्याआधीच वळलेला असतो. आजीच्या पक्षात एवढे म्हणता येईल की बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसून त्यांना खरखरीत करते, साबणाचा चिकट थर निघू देत नाही. म्हणजे राठपणा पाण्याचा असू शकतो. लाट मात्र पाण्याची नव्हती.

उपाय म्हणून दोन वेण्या आल्या. शाळेचा नियम होताच, पण आईच्या वेण्या नियमापेक्षा पक्क्या असत. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती बसायची, मी तिच्या पुढ्यात खालच्या पायरीवर. तळहातावर खोबरेल तेलाचे छोटे तळे, मग कंगवा कानशिलापासून असा ओढला जायचा की भुवया वर जायच्या. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे तिचे "हलून काहून राहिली?" आणि टाळूवर तिच्या बोटांची ऊब. त्या ऊबेला आणि त्या दुखण्याला मी आजही वेगवेगळे करू शकत नाही. शाळा सुटल्यावर वेणी सोडली की केस लाटालाटांचे दिसत आणि कुणी विचारले तर माझ्याकडे तयार उत्तर असे की वेणीमुळे पडल्यात. जी गोष्ट माझी होती तिचे श्रेय मी कितीतरी वर्षे वेणीला देत राहिले.

यातले वेणीचे खरे श्रेय किती, हे नंतर कळले तेव्हा मजा वाटली. केसाचा आकार मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी सांभाळलेला असतो. केराटिन या प्रथिनातल्या गंधकाच्या अणूंमधले डायसल्फाइड बंध मजबूत असतात. ते पाण्याने, कंगव्याने, तेलाने तुटत नाहीत. दुसरे हायड्रोजन बंध, अगदी दुबळे पण संख्येने अफाट. केस भिजला की हे सुटतात आणि वाळताना केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून ती वाळू दिली तर तिचे वळण पुढच्या न्हाण्यापर्यंत टिकते, ते या दुबळ्या बंधांमुळे. म्हणून वेणीची लाट उसनी असते; पुढच्या रविवारी ती जाते. माझी जात नव्हती. पण न्हाऊन झाल्यावर आई ओले केस लगेच बारीक दातांच्या फणीने विंचरून, ताणून, वाळायच्या आत बांधून टाकत असल्यामुळे, ती जात नाही हे पाहायची संधीच कुणाला मिळाली नाही.

एका माणसाला कदाचित मिळाली असती.

माझे बाबा सोनेगावच्या विमानतळावरच्या हवामान केंद्रात निरीक्षक होते. आठवी-नववीत असताना एका सुट्टीत त्यांनी मला त्यांचे कार्यालय दाखवायला नेले होते. हिरवळीवरच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत एक यंत्र होते: एका बाजूला ताणून बसवलेली केसांची जुडी, तिला जोडलेली तरफ, तरफेच्या टोकाला जांभळ्या शाईचे टाक, आणि हळूहळू फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेला आठवड्याचा कागद. हवेतला दमटपणा वाढला की केस किंचित लांबतो, हवा कोरडी झाली की आखडतो, आणि तेवढ्या फरकाने टाक कागदावर चढउतार काढत राहते. बाबांनी सांगितले की होरास बेनेडिक्ट द सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने 1783 मध्ये या केसांच्या आर्द्रतामापकावर ग्रंथ लिहिला आणि अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी जेमतेम दोन-अडीच टक्क्यांनी बदलते. मी यंत्राकडे हात नेला तेव्हा ते चटकन म्हणाले, "बोट नको लावू बेटा, त्याला तेलकटपणा चालत नाही." तेल लागले की केस हवेशी नीट बोलत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. मी तेलाने चोपडलेल्या माझ्या दोन वेण्या पाठीवर टाकून तिथे उभी होते आणि आमच्या दोघांच्याही मनात काही आले नाही.

आज त्या पेटीची आठवण आली की नागपूरचे वर्ष मला त्या कागदावरच्या रेघेसारखे दिसते. मे महिन्याच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरते. ऑगस्टच्या सकाळी ती 80 च्या वर असते. एवढ्या टोकाच्या दोन हवा वर्षातून एकदा एकाच डोक्यावरून जातात. मे महिन्यात माझे केस चापून बसतात, लाट मंदावते, टोके काटक्यांसारखी होतात आणि नायलॉनच्या ओढणीला चटचट चिकटतात. अपवाद फक्त कूलरचा. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून रात्री त्याच्याकडे एक कुशी करून झोपले की सकाळी त्या बाजूचे केस लाटांनी भरलेले आणि दुसऱ्या बाजूचे सपाट, असा चमत्कारिक अवतार होतो. नवऱ्याने त्याला 'अर्धा पाऊस' असे नाव दिले आहे. जूनच्या मध्यावर खरा पाऊस येतो तेव्हा दोन दिवसांत सगळे डोके जागे होते. केस हवेतले पाणी पितात, दुबळे बंध सुटतात, जबरदस्तीने बसवलेला सरळपणा गळून पडतो आणि प्रत्येक केस आपल्या मूळ वळणाकडे परतू लागतो. गंमत अशी की यंत्रातला केस दमट हवेत लांबतो आणि माझे केस त्याच हवेत दोन बोटे आखूड दिसतात, कारण लांबीत जो काही केसभर फरक पडतो त्यापेक्षा लाटेच्या खोलीत पडणारा फरक कितीतरी मोठा असतो. ताणून धरलेला केस आणि मोकळा सोडलेला केस एकाच हवेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे बाबांना सांगायचे राहून गेले.

पार्लरमधल्या त्या प्रश्नानंतर मी पुण्याला शिकत असलेल्या माझ्या मुलीला फोन केला. तिने हसून मला एक तक्ता पाठवला. आंद्रे वॉकर या अमेरिकन केशरचनाकाराने, जो टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचे केस सांभाळायचा, 1990 च्या दशकात ही वर्गवारी लोकप्रिय केली. पुढे इतरांनीही तिच्यात भर घातली. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे लाटांचे, तीन कुरळे, चार अगदी दाट वेटोळ्यांचे. दोनमध्ये पुन्हा ए, बी, सी: टोकाकडे सैलशी लाट म्हणजे टू-ए, मधल्या उंचीपासून स्पष्ट नागमोड आणि माथ्यावर भुरभुर म्हणजे टू-बी, मुळापासूनच खोल, भरगच्च लाटा आणि पावसात हाताबाहेर जाणारा पसारा म्हणजे टू-सी. शेवयांच्या पुड्यावर छापलेला जाडीचा क्रमांक वाचावा तसा मी तो तक्ता वाचला. सुटकेचा एक विचित्र उसासाही आला, कारण 'दोन' हा आकडा एकपेक्षा बिघडलेला किंवा तीनपेक्षा अपुरा असल्याचे तिथे कुठेच लिहिलेले नव्हते. मग आरसा घेऊन खिडकीत बसले तर मानेवरचे केस टू-सी निघाले, कानामागचे टू-बी, आणि वरचा थर, जो आयुष्यभर उन्हात आणि फणीखाली राहिला, तो जेमतेम टू-ए. एकाच डोक्यावर तिन्ही पोटजाती सुखाने नांदत होत्या.

मुलीने आणखी एक गोष्ट बजावली जी मला तक्त्यापेक्षा महत्त्वाची वाटते. आकार वेगळा आणि पोत वेगळा. लाट किती खोल आहे यावरून केस जाड आहे की बारीक हे कळत नाही. एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला आणि बोटांना काहीच जाणवले नाही तर तो बारीक. शिवायच्या दोऱ्यासारखा जाणवला तर जाड. शिवाय डोक्यावर केस किती दाट आहेत हा तिसरा मुद्दा. माझे केस बारीक आहेत पण दाट आहेत, म्हणून लोक "किती जाड केस" म्हणतात आणि म्हणूनच, मोठ्या विश्वासाने घेतलेली ती घट्ट, लोण्यासारखी क्रीमे लावली की माझी लाट तेलकट होऊन झोपून जाते. जाड केसांना तीच क्रीमे मानवतात. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून पाणी शोषण्याची क्षमता ओळखायचीही एक चाचणी सगळीकडे फिरते. ती मी करून पाहिली आणि सोडून दिली. केसावर तेलाचा किंवा क्रीमचा पुसटसा थर असला तरी तो पाण्याच्या पृष्ठभागावर पडून राहतो. त्याच्या स्वभावाबद्दल त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

खरा धक्का विंचरण्याचा होता. लाटांचे केस वाळल्यावर विंचरू नयेत, एवढीच ती साधी सूचना. लाट ही एकट्या केसाची दिसत नाही. शेजारचे वीस-पंचवीस केस एकत्र वळले की तिची बट होते आणि मग ती डोळ्यांना दिसते. वाळल्यावर फणी फिरवली की बट फुटते, प्रत्येक केस एकटा पडतो आणि आपल्या मनाने वाकतो. त्यालाच आपण पिंजारलेले म्हणतो, आणि पिंजणे हा शब्द कापसाकडून आला आहे हेही इथे किती चपखल बसते. म्हणजे केस पिंजारलेले दिसतात म्हणून आम्ही विंचरत होतो आणि विंचरत होतो म्हणून ते पिंजारत होते; हा उद्योग दिवसातून दोनदा, पस्तीस वर्षे. आता मी केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढते, टॉवेलने खसाखसा पुसत नाही, बाबांच्या एका जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पंच्याने खालून वर दाबून पाणी टिपते आणि वाळेपर्यंत हात लावत नाही. हात न लावणे हे सगळ्यांत अवघड आहे.

मध्ये एकदा मी या सगळ्याचा कायमचा बंदोबस्तही केला होता. 2009 मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी मी केस रिबॉन्डिंग करून सरळ करून घेतले. पाच तास खुर्चीत बसले, रसायनाचा तो कुजक्या अंड्यासारखा वास रात्रीपर्यंत नाकात राहिला. तिथे ते मजबूत, गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, केस ताणून सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने बंध नव्या जागी बसवतात. एका शतकापूर्वी नेमके उलटे चालले होते: 1906 मध्ये कार्ल नेस्लर या जर्मन केशतज्ज्ञाने लंडनमध्ये विजेने तापवलेल्या सळ्यांभोवती केस गुंडाळून सरळ केसांना टिकाऊ लाटा आणून दाखवल्या, आणि बायका त्यासाठी तासन्‌तास बसल्या. लग्नाच्या फोटोंमध्ये मी छान दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी कौतुक केले, आईने सर्वांत जास्त. फक्त केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात आणि कूपाला लग्नाची बातमी कुणी दिलेली नसते. सहा महिन्यांनी वरचे सहा-सात सेंटिमीटर लाटांचे आणि खालचे पडद्यासारखे सरळ, असे दोन मजली केस घेऊन मी फिरत होते.

2020 च्या टाळेबंदीत सलूनची दुकाने बंद झाली. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर दर तिसऱ्या रविवारी न चुकता बारीक केस कापून घेणारा, उरलेल्यांवर तेल चोपडून भांग पाडणारा माणूस तो. एप्रिल गेला, मे गेला. तेल लावायचा त्यांना कंटाळा येऊ लागला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चांगला पाऊस झाला आणि संध्याकाळी ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले असताना मी चहा घेऊन गेले, तर त्यांच्या मानेवर, कॉलरच्या वर, पांढऱ्याशुभ्र केसांच्या तीन लाटा होत्या. मधल्या उंचीपासून स्पष्ट नागमोड. आई आतून म्हणाली, "बंद उघडले की आधी यांना कटिंगला पाठवा, साधूबाबा झाले." बाबांनी मानेवरून हात फिरवला, थोडे हसले आणि म्हणाले, "आर्द्रता वाढली." पंधरा दिवसांनी ते कापून आले. त्या लाटांचा फोटो मी काढला नाही; तेव्हा तो काढण्यासारखा वाटला नव्हता. पुढच्या वर्षी ते गेले.

या जुलैत मी पुन्हा त्याच पार्लरमध्ये गेले. तीच मुलगी होती. या वेळी मी तिला आधीच सांगितले की केस वाळलेलेच काप, ओले कापलेस तर वाळल्यावर ते वर चढतात आणि आखूड होतात. तिने मान डोलावली आणि एकेक बट हातात घेऊन कापू लागली. आरशात मला तिचे केस दिसत होते: खांद्यापर्यंत काचेसारखे सरळ, चमकदार, एकसारखे. तेवढ्यात खालचे केस घ्यायला ती वाकली आणि दिव्याखाली तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना, मुळापासून दोन बोटे, केस लाटांनी उठलेले दिसले.

"तुझे मुळात कसे आहेत गं?" मी विचारले.

तिने कात्री थांबवली आणि मोकळ्या हाताने भांग चापून बसवला.

"माझे ना? माझे डॅमेजच आहेत मॅडम, लहानपणापासून."